खड्ड्यातले एकशे वीस व्होल्ट

अण्णा,

हे वाचायला तू असतास, तर आधी मला एक कानफटात ठेवून दिली असतीस आणि मग विचारलं असतंस, "जेवलीस का गं, सुमे?" तुझा क्रम कायम हाच. आधी हात, मग माया. तुला माती देऊन आज अकरावा दिवस. मुडबीच्या आपल्या घरात, तुझ्या त्या डगमगणाऱ्या टेबलावर, जळलेल्या पंपांच्या मोटारींत भरायच्या तांब्याच्या तारा बाजूला सारून मी लिहायला बसले आहे. दुपारचं ऊन दारात आलंय. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आलेत आणि डावा गाल ठणकतोय. ते कशानं झालं ते तुला सांगायचंच आहे, पण त्याआधी बरंच काही सांगावं लागेल.

लोक येतात, चटईवर बसतात आणि म्हणतात, अण्णा म्हणजे देवमाणूस. मला त्यांचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. देवमाणूस कसला? तू रागीट होतास, हट्टी होतास आणि तुला कुणी चूक दाखवली की तुझ्या नाकपुड्या फुगायच्या. मी तुझीच बहीण. दोघांनाही शब्दांच्या आधी हात सुचायचा. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटायचं नाही, आणि आता आल्यासारखं कधीच वाटणार नाही.

तू दहावीला गणितात नापास झालास आणि बसवकल्याणला मोटारी भरायच्या दुकानात लागलास. मी तेव्हा आठवीत. गणितात नापास झालेल्या माणसानं मला गणित शिकवलं, हे मी आजही माझ्या वर्गात अभिमानानं सांगते. तू मागच्या भिंतीवर कोळशानं एक त्रिकोण काढलास. वर व्होल्ट, खाली एका कोपऱ्यात अँपिअर, दुसऱ्या कोपऱ्यात ओम. म्हणालास, "जे काढायचंय ते हातानं झाक. उरलं ते उत्तर." व्होल्ट म्हणजे ढकलणारा, ओम म्हणजे अडवणारा, अँपिअर म्हणजे त्यातून निसटून पुढं गेलेला. आणि वॅट? "ढकलणारा अन् गेलेला, दोघांचा गुणाकार. दोघं मिळून जे काम करत्यात, जे तापवत्यात, ती वॅट." आपल्या घरासारखंच, असंही म्हणाला होतास, कारण त्या दिवशीही आपण भांडलोच होतो.

वार्निशनं काळा झालेला तुझा तळवा त्रिकोणावर असायचा. उत्तर चुकलं की तोच तळवा भिंतीवरून निघून माझ्या पाठीत बसायचा. एकदा सलग तिसऱ्यांदा बसला तेव्हा मी जमिनीवरची पकड उचलली आणि तुझ्या उजव्या मनगटावर हाणली. रक्त आलं. आई ओरडत आली. तू मनगट दाबून धरलंस आणि मला विचारलंस, "आता सांग, दोनशे पंचवीस व्होल्ट, नऊ अँपिअर. किती ओम?" मी रडत म्हणाले, "पंचवीस." तू हसलास. जखमेवर तारेची काळी चिकटपट्टी गुंडाळलीस आणि मला तालुक्याला नेऊन जिलबी खाऊ घातलीस. माती देण्याआधी तुला आंघोळ घालताना तो वण मी बोटानं चाचपून बघितला.

गुलबर्ग्याला इलेक्ट्रिकलला प्रवेश घ्यायला तूच मला बसनं घेऊन गेलास. खिडकीतला माणूस म्हणाला, "पोरीला शिवणकामाला घाला." तू खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरलीस. मी लाजेनं मेले आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. आज मी तिथल्याच एका संस्थेत शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर तुझाच त्रिकोण काढते. मी कुणाच्या पाठीत मात्र मारत नाही, एवढाच फरक.

आता त्या खड्ड्याचं.

गेल्या वर्षी वळवाच्या वादळात आपल्या गल्लीची न्यूट्रलची तार तुटली. घरात दोन तारा येतात, एक करंट आणते आणि दुसरी त्याला परत नेते, हे तू मला शिकवलंस. परतीची तुटली की सगळं बंद. गल्ली अंधारात बसली. चौथ्या दिवशी तू परसात गुडघाभर खड्डा खणलास, त्यात कोळसा आणि मीठ भरलंस, मधोमध लोखंडी सळई ठोकलीस आणि परतीची तार तिला बांधलीस. म्हणजे करंटानं मातीतून परत जायचं. बल्ब लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकराही घरांच्या परसात तुझ्या हातचे खड्डे झाले आणि लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. सकाळी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचं आणि मुरावं म्हणून सळई धरून हलवायची, हेही तूच प्रत्येक घरात शिकवलंस.

पाचव्या दिवशी, गल्ली शेतात गेलेली असताना, लाईनमन इरप्पा नवी तार आणि शिडी घेऊन आला. ते तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस. "शिडीवरून खाली ओढलो त्याला. म्हणलो, पाच दिवस कुठं मेलतास? माझ्या गल्लीचं मी बघतो." मीही हसले, अण्णा. विजेचा धंदा शिकवणारी बाई मी, आणि मी फोनवर खदखदून हसले.

पंचमीला माहेरी आले तेव्हा वैनी म्हणाली, "पाणी लवकर तापंना झालंय बघा, सुमाबाई." बादलीत हीटर होता. मी व्होल्ट-अँपिअर मोजायचा माझा मीटर लावला. हीटरवर एकशे पंचाहत्तर व्होल्ट, करंट पाच अँपिअर. भागिलं तर पस्तीस ओम, म्हणजे हीटर चांगला होता. गुणिलं तर आठशे पंचाहत्तर वॅट, आणि हीटरवर लिहिलेले पंधराशे. मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बघितलं. तिथली लाईन शाबूत, दोनशे पंचवीस व्होल्ट. आपल्याकडचे पन्नास कुठं गेले? मी परसात जाऊन सळईकडं बघितलं, ते पन्नास ह्या खड्ड्यात जात होते. कोळसा घेतला आणि तुझ्या जुन्या त्रिकोणाखाली लिहिलं. पन्नास भागिले पाच, खड्डा दहा ओमचा. पन्नास गुणिले पाच, अडीचशे वॅट नुसते मातीत.

तुला हाक मारली. म्हणाले, "अण्णा, सळईवर पन्नास व्होल्ट हायत. आता पाऊस हाय, माती ओली हाय, म्हणून पन्नास. उन्हाळ्यात खड्डा वाळला की दहाचे चाळीस ओम होतील. मग करंट तीन अँपिअर अन् सळईवर एकशे वीस व्होल्ट. जितकं पाणी तापणार न्हाई, तितकी सळई जास्त मारणार. काढून टाक हे."

तू सगळ्या गल्लीला बोलावलंस. खिशातला टेस्टर काढलास, सळईला लावलास. त्यातला दिवा लागला नाही.

"लागंना बघा! मातीत करंट राहात न्हाई. भूमी पितीय सगळं."

"पन्नास व्होल्ट टेस्टरला दिसत न्हाईत, अण्णा. त्यातला दिवा नव्वद-शंभरला लागतोय."

"मला शिकवायलीस व्हय? मला? कामून शिकवलो म्या तुला, ह्याच्यासाठी?"

माझ्या हातातला मीटर हिसकावून तू भिंतीवर फेकलास. नोकरी लागली तेव्हा तूच मला घेऊन दिलेला मीटर. त्याची काच फुटून तुकडे वैनीच्या पायाशी पडले, आणि मी तुझ्या तोंडात मारली. थोरल्या भावाच्या, अकरा घरांच्या देखत. एवढा आवाज झाला की गिरणीसमोरची माणसं वळली. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन तुझ्या माराची वाट बघत उभी राहिले, पण तू मारलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच तू उलट मारलं नाहीस. गालाला हात लावलास आणि हळूच म्हणालास, "जा तू गुलबर्ग्याला."

मी गेले. आठ महिने. कितीदा तुझा नंबर काढला आणि बाजूला ठेवला. बरोबर मी होते ना, मग आधी फोन मी का करायचा? अशा थाटात राहिले. संक्रांतीला तू बसच्या कंडक्टरजवळ डबा पाठवलास. वर तिळाच्या पोळ्या आणि खाली फडक्यात गुंडाळलेला तो मीटर. नवी काच बसवलेला, सुई नीट केलेली. चिठ्ठी नव्हती. तुझ्याकडून याहून मोठी माफी होऊ शकत नाही, हे मला कळलं. पोळ्या खाल्ल्या. फोन केला नाही.

त्या सकाळचं वैनीनं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. चैत्र, माती तडकलेली. तू अंगावर तांब्याभर पाणी घेतलंस, ते गारच होतं. शिव्या देत तसाच ओल्या अंगानं, अनवाणी, परसात गेलास. एरवी घरोघरी पाणी ओतून मगच हीटर लावत, म्हणजे तेव्हा सळईत करंट नसे; तू हीटर चालूच ठेवलास, कारण खड्ड्यात पाणी पडल्यावर फरक पडतो का ते बघायचं होतं. उजव्या हातानं घागर ओतलीस आणि डाव्या हातानं सळई धरून हलवलीस. "बघ गं, पाणी आवाज करायलंय का?" वैनीनं आतून सांगितलं, "न्हाई." मग तुझा आवाज आला नाही. ती बाहेर आली तेव्हा तू गुडघ्यांवर होतास, दात घट्ट आवळलेले, बोटं सळईला धरलेली, सगळं अंग थडथडत होतं. तूच तिला शिकवलं होतंस, कुणी चिकटलं तर हात लावायचा नाही, लाकडानं हाणायचं. तिनं मुसळ आणलं. हाणलं. सुटेना. पुन्हा हाणलं. चौथ्या घावाला तुझं मनगट मोडलं आणि तू सुटलास. तोवर तू नव्हतास. आपल्या लिंगायत रीतीनं तुला समाधीत बसवून डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं, तेव्हा तो हात सारखा कलत होता. शेवटी वैनीनंच पदर फाडून बांधला.

पण तुला माती देण्याआधी जे झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. इरप्पा आला होता. खांबावरून गल्लीची लाईन तोडायला, आणखी कुणी मरू नये म्हणून. गल्लीनं त्याला धरलं. "ह्यानंच मारलं अण्णाला! तार जोडला असता तर अण्णा जित्ता राहिला असता!" त्याच्याच दोरीनं त्याला खांबाला बांधलं. लाथा, बुक्क्या, तुरीच्या काठ्या. मी नुकतीच गाडीतून उतरले होते. पायातली चप्पल काढली, गर्दीत घुसले आणि त्याच्या तोंडावर मारली. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "अक्का, मी शिडी घेऊन आलतो. अण्णानंच..."

पुढचं मला ठाऊक होतं. ते कुणाच्या कानावर पडू नये म्हणून मी पुन्हा मारली. आणि पुन्हा. "साकु, अक्का, साकु," तो कानडीत विनवत होता, पुरे म्हणून. कुणाची तरी पहार त्याच्या दंडावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मगच थांबले. तुझं नाव राखायचं म्हणून मी हे केलं असं स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मला कुणाला तरी मारायचं होतं, आणि ज्याला मारायचं होतं तो आत ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलेला होता. मला तुझी इतकी चीड आली होती, अण्णा. अजून येते.

दहा दिवस मी गप्प राहिले. गल्लीनं इरप्पाविरुद्ध तक्रार लिहिली आणि कागद माझ्यापुढं ठेवला. "तुमची सही पायजे, अक्का. तुम्ही ह्यातल्या शिकलेल्या. तुमचं खरं मानतेत." मी म्हणाले, बघते. आपला हीटर मी बंद करून ठेवला होता, पण बाकीच्या दहा परसांत रोज सकाळी घागरी ओतल्या जात होत्या. सगळ्यांची समजूत हीच, की अण्णाला तुटक्या तारेनं मारलं, अण्णाचा खड्डा कसा मारेल? आणि ही समजूत मोडली तर उरणार काय? मूर्ख वायरमन, स्वतःच्या खड्ड्यात मेलेला. हे तोंडातून काढायची माझी हिंमत होत नव्हती.

आज सकाळी शेजारच्या काशीकाकू त्यांच्या परसात आल्या. न्हाणीघरात हीटर चालू. कमरेवर घागर, पाय अनवाणी. त्यांनी पाणी ओतलं आणि सळईकडं हात केला. मी कुंपणावरून उडी मारली आणि त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. सत्तर वर्षांची म्हातारी कोलमडून मागं पडली, घागर फुटली, कपाळाला खोक पडली. त्या किंचाळल्या. गल्ली धावत आली. "येडी झाली का ही?" कुणीतरी माझे केस धरले. मी चावले त्याला.

मग ओरडले, मीटर आणा माझा. वैनीनं आणून दिला, तू नवी काच बसवलेला. काकूंच्या हीटरवर एकशे पाच व्होल्ट, करंट तीन अँपिअर. दहा पावलांवर मोरीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या मातीत एक खिळा ठोकला आणि खिळा ते सळई मोजलं. सुई एकशे वीसवर गेली. पंचमीला मी तुला सांगितलेला आकडा तोच. माझं गणित बरोबर आलं, अण्णा.

त्यांना सुई कळत नव्हती. मी आपल्या घरी जाऊन खुंटीवरच्या तुझ्या शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला, चप्पल घातली आणि सळईला लावला. पंचमीला न लागलेला तो दिवा लागला. लालसर, बारीक. सगळ्यांनी बघितला.

वैनी पुढं आली. "आमच्या खड्ड्यात कितीक हुतं?"

"एवढंच, वैनी."

"तुमाला ठावं हुतं?"

"पंचमीलाच. म्हणून तर मारले त्याला."

"अन् इरप्पा?"

"त्यानं पाचव्या दिवशी तार आणलती. अण्णानं त्याला शिडीवरून ओढला. मला फोनवर सांगितला हुता. मी हसले हुते."

वैनीनं माझ्या तोंडात मारली. वीस वर्षांत जिनं मला "तुम्ही" सोडून हाक मारली नाही, आवाज चढवला नाही, तिनं. मी खाली बसले.

"तुमी दोघं भाऊबहीण भांडत बसलाव. आठ महिने. त्यानं तुझं ऐकला न्हाई, बरं. मला सांगायचं हुतं की, सुमे! रोज सकाळी त्या खड्ड्यात पाणी कोण ओततं? मी ओतत हुते. तुझा अण्णा त्या एकाच दिवशी गेला. मला एक फोन केली असतीस, तर मीच उपटून फेकली असती ती सळई."

हीटरचं पाणी, परसातली घागर, सगळं तिच्या हातातलं, आणि मी हिशेब सांगायला गेले तुला. कारण भिंतीवरचा त्रिकोण तुझा आणि माझा होता. तिला त्यात कधी धरलंच नाही आपण.

तिनं खांबापाशी पडलेली पहार उचलून आणली. म्हणाली, "ऊठ." काकूंचा हीटर बंद केला, तार कापली आणि पहिला घाव तिनं घातला. मग मी. मीठ आणि कोळसा दगडासारखा घट्ट झाला होता. ठिणग्या उडत होत्या. तिसऱ्या परसात दोन म्हातारे आडवे आले, अण्णाची आठवण आहे म्हणाले. वैनीनं पहार वर धरली. "मधी येणाऱ्याचं डोस्कं फोडते." ते बाजूला सरले. दुपारपर्यंत अकरा सळया निघाल्या. आपली शेवटची. ती वैनी एकटीच खणत होती, मला हात लावू दिला नाही. सळई वर आली तेव्हा तिनं ती त्या दिवशीच्या मुसळाएवढ्याच ताकदीनं दगडावर हाणली, पुन्हा पुन्हा हाणली. वाकली, पण मोडली नाही. मग ती तिथंच मातीत बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

तक्रारीचा कागद मी फाडला. दुसरा लिहिलाय, खरं काय झालं ते सगळं, तुझ्या नावासकट आणि माझ्या चपलेसकट. तो घेऊन उद्या मी आणि वैनी इरप्पाकडे दवाखान्यात जाणार आहोत. त्यानं माझ्या तोंडावर थुंकलं तरी मी पुसणार नाही. न्यूट्रलची तार येईपर्यंत गल्ली अंधारात राहील, आणि तुला लोक आजपासून देवमाणूस म्हणणार नाहीत. चालेल का तुला? न चालो. तुझ्यावरचा माझा जीव त्यानं कमी होत नाही.

आत्ता, मी हे लिहीत असताना, वैनी मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. त्रिकोण अजून तिथं आहे, खाली माझे पंचमीचे आकडे. "कसं काढतेत हे?" तिनं विचारलं. मी उठले. सांगितलं, जे काढायचंय ते झाक. तिनं मातीनं भरलेला तळवा ओमवर ठेवला. मी म्हणाले, एकशे वीस व्होल्ट, तीन अँपिअर. तिनं बोटं मोजत गुणाकार केला.

"तीनशे साठ?"

चुकलं, भागायचं होतं. माझा हात उठला, अण्णा. आपोआप, तुझ्यासारखाच वर गेला. वैनीनं तो बघितला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी तो हात भिंतीवर तिच्या हाताशेजारी टेकवला आणि म्हणाले, "सावकाश. पुन्हा करू."